छंद नावाचा रकाना

वधू-वर परिचय मेळाव्याची कोणतीही पुस्तिका उघडावी. उंची, शिक्षण, गोत्र, मामांचे आडनाव, वार्षिक उत्पन्न, घर स्वतःचे की भाड्याचे, या सर्व रकान्यांत माणसागणिक फरक दिसतो. फरक दिसत नाही तो एकाच ठिकाणी. ‘छंद’ या शब्दापुढे पानामागून पाने तीच तीन उत्तरे उभी असतात: वाचन, संगीत, प्रवास. चारशे उपवर मुलामुलींच्या मनांत इतके एकमत असेल, तर मेळावा भरवण्याची गरजच काय, असा प्रश्न एखाद्या चोखंदळ वाचकाला पडावा.

प्रत्यक्षात एकमत नसतेच. ‘वाचन’ लिहिणाऱ्यांपैकी कोणी रविवारी सकाळी जुनी नाणी भिंगाखाली धरून बसतो. कोणी बुद्धिबळातील एकाच सुरुवातीच्या चालींचा चार-चार तास अभ्यास करतो. कोणी गच्चीवर दुर्बीण लावून गुरूचे उपग्रह मोजते. हे सारे बायोडाट्यात येत नाही, कारण बायोडाटा लिहिताना शेजारी काका, मावशी किंवा थोरली वहिनी बसलेली असते. ‘नाण्यांबिण्यांचे काही लिहू नकोस, मुलीकडच्यांना वाटेल मुलगा घुम्या आहे,’ हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो. त्या सल्ल्यामागची भीती अगदीच निराधार आहे, असेही म्हणता येत नाही.

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्या प्रकारची माणसे लोकांना कंटाळवाणी वाटतात, हा त्याचा विषय. ‘कंटाळवाण्या’ छंदांत प्राणी-पक्ष्यांचे निरीक्षण आणि गणित यांची नावे वर आली. ‘कंटाळवाण्या’ व्यवसायांत हिशेबनीस, कर आणि विमा पाहणारे, बँकेतले लोक आले. ज्या समाजात ‘मुलगा सीए आहे’ या तीन शब्दांवर स्थळाचे निम्मे काम होते, त्याने ही यादी हसतच वाचावी. तिच्यातून एक गोष्ट मात्र उघड होते. आकर्षकपणाचे माप देशोदेशी, समाजासमाजात बदलते. विलायतेत ज्याच्यापासून लोक चार हात दूर राहतात, त्याच्या दारी येथे मध्यस्थांची रांग लागते. संशोधकांनी मांडलेला दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. एकदा का माणसावर कंटाळवाणेपणाचा शिक्का बसला की लोक त्याला टाळतात, आणि टाळल्यामुळे तो शिक्का खोटा ठरवण्याची संधीच त्याला मिळत नाही. मेळाव्याच्या मंचावर दीड मिनिटात स्वतःची ओळख करून देणाऱ्या अबोल मुलाचे नेमके हेच होते.

गणिताचे नाव त्या यादीत यावे, हे जैन परंपरा जाणणाऱ्याला विशेष खटकेल. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. गणिताचा उपयोग कोठे कोठे होतो हे सांगताना त्यांनी अर्थशास्त्र, संगीत, नाट्य, पाकशास्त्र, वैद्यक यांच्याबरोबर कामशास्त्राचेही नाव घेतले आहे. एवढ्यावर न थांबता त्यांनी एक उदाहरण घातले: पती-पत्नीच्या प्रेमकलहात मोत्यांचा हार तुटतो. काही मोती शय्येवर पडतात, काही दासीच्या हाती लागतात, उरलेल्यांतील निम्मे, मग पुन्हा निम्मे असे सहा वेळा इतस्ततः विखुरतात आणि शेवटी १,१६१ मोती शिल्लक राहतात, तर हारात मूळचे मोती किती? उत्तर दीड लाखाच्या घरात जाते. एवढा हार नाशिकच्या सराफ बाजारात कोणी एका गळ्यासाठी घडवला नसेल. पण अपूर्णांक शिकवण्यासाठी रुसव्याफुगव्याचा प्रसंग निवडणारे हे आचार्य रुक्ष होते, असे कोण म्हणेल?

तेव्हा प्रश्न छंद कोणता आहे एवढाच नसतो. तो दुसऱ्यापर्यंत कसा पोचतो, हाही असतो. नाशिककरांना याचे उदाहरण लांब शोधावे लागत नाही. त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला, डोंगराच्या पायथ्याशी, भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८० मध्ये ती उभी केली. नाण्यांचा अभ्यास करणाऱ्यांत या संस्थेचे नाव देशाबाहेरही आदराने घेतले जाते; शहरातील कित्येकांनी मात्र तिची पाटी त्र्यंबकेश्वरला जाताना गाडीच्या काचेतूनच पाहिलेली असते. अशा ठिकाणी रमणारा तरुण पहिल्याच भेटीत नाण्याचे वजन, व्यास आणि धातूचे प्रमाण सांगू लागला, तर समोरची मुलगी घड्याळाकडे पाहील, आणि तिला दोष देता येणार नाही.

त्याच तरुणाला दुसरेही काही सांगता येईल. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३,००० हून अधिक, सर्व क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. हरलेल्या राजाचा चेहरा आणि त्याच्यावर जिंकलेल्याचे चिन्ह, असे एकाच रुपेरी तुकड्यावर दोघे. आणि हा नहपान जैन वाङ्मयातही भेटतो. आवश्यक सूत्रावरील प्राचीन टीकासाहित्यात भरुकच्छच्या ‘नहवाहन’ राजाची कथा आहे. पैठणचा सालवाहन त्याच्यावर वर्षानुवर्षे स्वारी करतो, पण नहवाहनाचा खजिना एवढा मोठा की त्याचे सैन्य हटत नाही. अखेर सालवाहनाचा मंत्री रुसून आल्याचे सोंग करून नहवाहनाच्या विश्वासात शिरतो, त्याला धर्मकार्यावर खर्च करायला लावून कोठार रिते करतो, आणि मग नगर पडते. आगमांवरील टीकेत आलेली गोष्ट आणि नाशिकच्या मातीत निघालेले नाणे यांची गाठ ज्याला घालून देता येते, त्याच्या हातातले भिंग कोणाला कंटाळवाणे वाटेल? छंद तोच, माणूसही तोच. पहिल्या वेळी तो नाण्याशी बोलत होता, दुसऱ्या वेळी समोरच्या माणसाशी.

यावर कोणी म्हणेल की सगळ्यांनाच गोष्ट सांगता येत नाही. काही छंद मुळातच मुके असतात. बुद्धिबळ घ्या. दोन माणसे समोरासमोर बसून पाच-पाच तास एक शब्द बोलत नाहीत, यात पाहणाऱ्याला काय गोडी? नाशिकच्या विदित गुजराथी यांची वाटचाल येथे आठवते. २००८ मध्ये चौदा वर्षांखालील जागतिक विजेतेपद, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर किताब, २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये रशियासह संयुक्त सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व, २०२३ मध्ये ग्रँड स्विस स्पर्धेचे विजेतेपद, २०२४ मध्ये बुडापेस्टला सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात स्थान. परंतु बुद्धिबळाच्या प्रतिमेपुरते बोलायचे तर टाळेबंदीचे २०२० हे वर्ष वेगळे ठरले. त्या काळात विदित आणि इतर खेळाडू विनोदी कलाकारांबरोबर इंटरनेटवर थेट प्रक्षेपणातून खेळू-बोलू लागले; ज्यांना घोडा अडीच घरे चालतो एवढेच ठाऊक होते असे तरुण-तरुणी त्यांचे डाव रात्री जागून पाहू लागले. पटावरचा मुका खेळाडू हसतो, चिडतो, स्वतःच्या चुकीवर विनोद करतो, हे दिसले आणि खेळाभोवतीचे धुके विरले.

अर्थात, या उदाहरणाला एक मर्यादा आहे. पदक मिळाल्यावर कोणताही छंद देखणा दिसतो. ज्याला पदक मिळणार नाही, ज्याचे नाव जिल्हा स्पर्धेच्या यादीत मधोमध कोठेतरी येते आणि तरीही जो दर शनिवारी पट मांडतो, त्याचे काय? लग्नाच्या बाजारात प्रश्न त्याचाच आहे, ग्रँडमास्टरचा नाही.

त्याच्यासाठी सुगरण पक्ष्याकडे वळावे लागते. सालिम अली १९३० मध्ये नोकरी नसल्याने अलिबागजवळच्या किहीम गावी पत्नी तेहमिना यांच्यासह राहायला गेले. दारासमोर सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी ती पाहिली आणि १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. घरटे विणतो तो नर. विणकाम अर्ध्यावर, शिरस्त्राणाच्या आकाराचे झाले की मादी पाहणीस येते. आत शिरते, बसून पाहते. पसंत पडले तर नर ते पूर्ण करतो. नाही तर ते तसेच लोंबकळत राहते. बघण्याचा कार्यक्रम निसर्गात असा उलट्या दिशेने चालतो, आणि पोहे कोणी करत नाही. पुढच्या अभ्यासांतून असेही दिसले की विणीच्या सफाईपेक्षा घरटे कोठे बांधले आहे याला मादी अधिक महत्त्व देते. ‘फ्लॅट गंगापूर रोडला आहे का?’ हा प्रश्न त्यामुळे फारच पुरातन ठरतो. या उपमेला फार ताणू नये हे बरे, कारण एक घरटे पूर्ण होताच नर सुगरण दुसऱ्या मादीसाठी दुसरे विणायला घेतो.

त्या काळाकडे पाहताना लक्ष पक्ष्यावरून घराकडेही जावे. नवऱ्याला पगार नाही, आणि तो दिवसचे दिवस झाडाकडे टक लावून बसतो. तेहमिना विलायतेत शिकलेल्या. शहरी सुखवस्तू आयुष्य सोडून त्या किहीमला राहिल्या, पुढे पक्षी-सर्वेक्षणाच्या मोहिमांतही बरोबर गेल्या. १९३९ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. छंदाचे कौतुक करताना तो छंद कोणाच्या आधारावर उभा होता, हे विचारायचे राहून जाते.

हा प्रश्न नाशिकमध्ये तर अधिकच तीव्रतेने विचारायला हवा, कारण छंदाने झपाटलेला या भूमीचा सर्वांत प्रसिद्ध पुत्र म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. चित्रकला, छायाचित्रण, जादूचे प्रयोग, मुद्रण अशा एकामागून एक गोष्टींत त्यांनी जीव घातला. पहिली पत्नी आणि मूल प्लेगने हिरावून नेले. पुढे १९०२ मध्ये गिरिजा करंदीकर यांच्याशी विवाह झाला. सासरी त्यांचे नाव सरस्वती ठेवले गेले. मुद्रणालयाचे चांगले चाललेले काम भागीदारांशी न पटल्याने सुटले. त्यानंतर १९११ च्या सुमारास मुंबईत पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र पाहिले आणि फाळक्यांना दुसरे काही सुचेनासे झाले.

त्या दिवसांतील फाळक्यांचा बायोडाटा कोणी लिहिला असता तर? वय चाळिशीच्या पुढे. उत्पन्न नाही. छंद: रोज संध्याकाळी चार-पाच तास चित्रपट पाहणे, उरलेल्या वेळी भिंग आणि मेणबत्ती घेऊन भिंतीवर चित्रे पाडणे. डोळ्यांवर इतका ताण आला की दृष्टी जवळजवळ गेली. औषधोपचाराने परत आली. विम्याची कागदपत्रे गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते विलायतेला निघाले आणि दोन महिन्यांत कॅमेरा खरेदी करून परतले. पैसा लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत, महिनाभर, त्याची एकेक चौकट टिपली. पडद्यावर ती वाढ सुमारे एका मिनिटात दिसली. घरात मुले, हाताला मिळकत नाही आणि घरधनी वाटाण्याचे फोटो काढतो आहे, हे दृश्य शेजारपाजाऱ्यांना कसे दिसले असेल, त्याची कल्पना करावी.

सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने गहाण टाकू दिले. तेवढेच केले असते तर त्यांची गणना सोशिक पत्नींच्या लांबलचक यादीत झाली असती. त्यांनी काम शिकून घेतले. परदेशातून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रे नसत. ती अंधारात, हाताने पाडावी लागत. हे काम त्यांनी केले. रसायने मिसळली, फिल्म धुतली, जोडणीत हात दिला, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. ‘कालिया मर्दन’मध्ये बालकृष्णाचे काम मुलगी मंदाकिनीने केले. छंद घराबाहेर राहिला नाही, त्याने सारे घरच आत ओढून घेतले.

ही कथा गोड करून सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण फाळक्यांच्या पदरी अखेर संपत्ती पडली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले तेव्हा त्यांनी उभारलेला धंदा इतरांच्या हाती जाऊन बहरला होता. सरस्वतीबाईंनी जो विश्वास टाकला, तो दुसऱ्या एखाद्या घरात सपशेल फसला असता, आणि तशी नाव नसलेली घरे किती झाली असतील याची नोंद कोठेच नाही. एवढे मात्र म्हणता येते: त्या घरात काय चालले आहे, त्याला किती पैसा लागतो, किती रात्री जागाव्या लागतात, हे सरस्वतीबाईंपासून लपलेले नव्हते. अंधाऱ्या खोलीचे दार त्यांना बंद नव्हते.

बायोडाट्यातल्या गुळगुळीत ‘वाचन’ या शब्दावर खरा आक्षेप इथे आहे. तो लिहिणारा खोटे बोलत नाही, पण दार बंद ठेवतो. लग्नानंतर सहा महिन्यांनी सुनेला कळते की दर महिन्याच्या पगारातला ठरावीक वाटा नाण्यांच्या लिलावात जातो, किंवा हिवाळ्यातला प्रत्येक रविवार पक्ष्यांचा आहे. तेव्हा तिला छंदाचा राग येत नाही. आपल्याला सांगितले नाही, याचा येतो. उलट ज्याने आधीच सांगितले त्याला चार स्थळांकडून नकार येईल, हे खरेच आहे. ते चार नकार स्वस्तात मिळाले असे समजायला हरकत नसावी.

मुलींच्या बाबतीत हिशेब अजून निराळा लागतो. मुलगा तारे पाहतो तर ‘अभ्यासू’, मुलगी पाहते तर ‘रात्री-अपरात्री गच्चीवर कशाला?’ मुलाच्या छंदाबद्दल विचारतात की खर्च किती. मुलीच्या छंदाबद्दल विचारतात की लग्नानंतर सोडणार ना. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरलेल्या भाग्यश्री साठे यांचा विवाह बुद्धिबळपटू प्रवीण ठिपसे यांच्याशी झाला. ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले. एकाच पटाची भाषा बोलणारी अशी जोडी भाग्याने जुळते, आणि प्रत्येक घरात ती जुळावी अशी अपेक्षा करणेही व्यर्थ. नवऱ्याला सिसिलियन बचाव कळला नाही म्हणून संसार मोडत नाही. स्पर्धेच्या आदल्या रात्री पाहुणे जेवायला बोलावू नयेत एवढे कळले तरी पुरते.

साखरपुड्यापूर्वी मुलामुलींनी दोन-चार वेळा भेटावे, याला आता बहुतेक घरांत संमती असते. भेटीची जागा ठरलेली: कॉलेज रोडवरचा एखादा कॅफे, संध्याकाळची वेळ, आणि चौविहाराचे घड्याळ पाहत घाईघाईने संपवलेली कॉफी. तासाभरात दोघेही आपापला बायोडाटा तोंडी म्हणून दाखवतात. त्याऐवजी थंडीतल्या एखाद्या सकाळी निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा जलाशय जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरला. हिवाळ्यात दूरदेशीची बदके आणि पाणथळीतले इतर पाहुणे तेथे उतरतात. मुलाला पक्ष्यांचे वेड असेल तर तो पहाटेच तयार असेल. मुलीला नसेल तर ती जांभया देईल, आणि त्यात वावगे काही नाही. निरीक्षण मनोऱ्यावर दोघांत दुर्बीण एकच न्यावी. तो ती किती वेळ स्वतःच्या डोळ्याला लावून ठेवतो, आणि तिच्या हाती दिल्यावर पक्षी कोठे आहे ते धीराने दाखवतो की नाव सांगून मोकळा होतो, हे मनोऱ्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात दिसते. सोबत आलेल्या वहिनीलाही दिसते.